प्रकाशानें बळकट केलेलें बुबुळ



कोपरगांव, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर या भागांतील साखर कारखान्यांत गळिताचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं यंत्रांची डागडुजी चाललेली असते. त्या दिवसांत लोखंडाचे सांधे जुळविणारा एखादा कारागीर रात्रीं अंथरुणावर तळमळूं लागला, डोळ्यांत वाळू भरल्यासारखें होतें, दिवा सोसवत नाहीं असें म्हणूं लागला, कीं घरचीं माणसें काय तें समजतात. 'वेल्डिंग लागलें' एवढे दोनच शब्द बोलले जातात. कोणी डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवतो, कोणी ओलें फडकें ठेवतो. एक-दोन दिवसांत डोळा पूर्ववत् होतो आणि तो गृहस्थ पुन्हां कामावर जातो.

या साध्या अनुभवांत आजच्या विषयाचें बीज आहे. ज्या प्रकाशानें आपण पाहतों तोच प्रकाश डोळ्यांतील पेशींना मारूंहि शकतो. जांभळ्या रंगापलीकडे डोळ्यांस न दिसणारे किरण आहेत, हें योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञानें १८०१ सालीं चांदीच्या क्षारावर प्रयोग करतांना ताडलें. बर्फाळ प्रदेशांतील प्रवाशांचे डोळे जळतात ते उष्णतेनें नव्हे, तर याच जंबुपार किरणांनीं, हें स्वीडनच्या विडमार्क यांनीं १८८९ च्या सुमारास प्रयोगानें सिद्ध केलें. पुढें चौदा वर्षांनीं, १९०३ सालीं, डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशचिकित्सा केल्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणजे मारणारे किरण आणि तारणारे किरण यांची ओळख जगाला जवळजवळ एकाच वेळीं झाली. परंतु या किरणांच्याच एका सौम्य भावंडाकडून डोळ्याचें पटल बळकट करून घ्यावें, ही कल्पना मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली. त्या बळकटीसाठीं डोळ्यांतील कोणत्या पेशींचा बळी द्यावा लागतो आणि कोणत्या पेशींना धक्काहि लागतां कामा नये, हें शोधून काढण्याची जी खटपट झाली, तिचा इतिहास मी आज आपणांपुढें मांडणार आहें.

प्रथम या पटलाची ओळख करून घेऊं. बुबुळाच्या काळ्या वा तपकिरी वर्तुळापुढें घड्याळाच्या कांचेसारखें जें स्वच्छ आवरण असतें, त्यास परिभाषेंत स्वच्छमंडल म्हणतात. याच्यावर पांढरा डाग पडला म्हणजे आपण 'डोळ्यांत फूल पडलें' असें म्हणतों. याची जाडी अवघी अर्धा मिलिमीटर. कांचेची उपमा सोयीची खरी, पण ती फसवी आहे. कांच निर्जीव असते आणि हें आवरण जिवंत असतें. त्याच्या सर्वांत बाहेर पांच-सहा पदरांचा एक नाजूक बाह्यस्तर असतो. कारागिराला 'वेल्डिंग लागतें' तें येथें. आणि या पेशी भराभर नव्या होत असल्यामुळेंच तो दोन दिवसांत बरा होतो. त्याच्या मागें मध्यस्तर. एकंदर जाडीपैकीं जवळजवळ नऊ दशांश भाग याचा. कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाचे सूक्ष्म तंतु येथें पत्र्यांवर पत्रे रचावे तसे रचलेले असतात, आणि त्या पत्र्यांच्या फटींतून चपट्या, चांदणीच्या आकाराच्या पेशी राहतात. तंतूंची झीज भरून काढणें हें त्यांचें काम. सर्वांत आंत एकाच पदराचा अंतःस्तर. षट्कोनी पेशींची ही फरशी मधाच्या पोळ्यासारखी दिसते आणि अहोरात्र एकच काम करते: स्वच्छमंडलांत शिरणारें पाणी बाहेर उपसून टाकणें. पाणी उपसलें जातें म्हणूनच हें पटल स्वच्छ राहतें.

या तिसऱ्या स्तराविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मनुष्याच्या अंतःस्तरांतील पेशी जन्मानंतर वाढत नाहींत म्हटलें तरी चालेल. एक मेली, कीं तिच्या शेजारणी अंग पसरून ती जागा झांकतात. नवी येत नाहीं. संख्या फारच घटली, कीं उपसा थांबतो, पटल सुजतें, धुरकट होतें आणि दृष्टि जाते.

आतां रोगाकडे वळूं. कांहीं मुलांत, बहुधा बारा ते पंचवीस या वयांत, मध्यस्तराची वीण सैल पडूं लागते. स्वच्छमंडल मध्यभागीं पातळ होतें आणि आंतील दाबानें शंकूप्रमाणें पुढें येतें. मुलाच्या चष्म्याचा क्रमांक दर सहा महिन्यांनीं बदलतो, तिरपा क्रमांक वाढत जातो, दिव्याभोंवतीं फांद्या फुटलेल्या दिसतात, आणि पालक चष्मेवाल्यास दोष देत बसतात. वीण कां सैल पडते याचें संपूर्ण उत्तर अद्यापि मिळालेलें नाहीं. आनुवंशिकता आहे, अॅलर्जी आहे, आणि डोळे चोळण्याची संवय या रोगाच्या सोबतीस वारंवार आढळते. नगरसारख्या अवर्षणाच्या, कोरड्या हवेच्या जिल्ह्यांत ही शेवटची गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. फाल्गुन-चैत्रांत रब्बी ज्वारीच्या मळणीचा भुसा उडूं लागला आणि ऊन तापलें, कीं शाळकरी मुलें मुठींनीं डोळे रगडतांना गांवोगांव दिसतात.

लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅम या वैद्यानें १८५४ सालीं या शंक्वाकृति स्वच्छमंडलावर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्याला इतर नेत्ररोगांपासून वेगळें काढलें. उपाय मात्र कोणापाशींच नव्हता. बर्लिनचे प्रसिद्ध नेत्रवैद्य फॉन ग्रेफे यांनीं सिल्व्हर नायट्रेटनें शंकूचें टोंक डागण्याचा मार्ग धरला. डागल्यावर व्रण होई, व्रण आक्रसे आणि शंकु थोडा चपटा होई. हा उपचार आज रानटी वाटतो, तथापि त्यांतील तत्त्व विसरूं नये: इजा करून बळकटी आणावयाची. पुढें दीडशें वर्षांनीं तेंच तत्त्व फार सुधारलेल्या रूपानें परत आलेलें आपणांस दिसेल. १८८८ मध्यें पॅरिसच्या यूजेन काल्ट यांनीं अशा डोळ्यांवर कांचेची वाटी बसविली. आजच्या कॉन्टॅक्ट लेन्सची ती पूर्वज होय. ७ डिसेंबर १९०५ रोजीं ऑलोमौत्स येथें एडुआर्ड त्सिर्म यांनीं चुन्यानें भाजलेल्या एका मजुराच्या डोळ्यावर दुसऱ्याचें स्वच्छमंडल बसवून यश मिळविलें, आणि १९३६ मध्यें रामोन कास्त्रोविएहो यांनीं शंक्वाकृति स्वच्छमंडलासाठीं तीच शस्त्रक्रिया केली. आपल्या देशांत मद्रास येथें १९४५ सालीं डॉ. मुथय्या यांच्या पुढाकारानें पहिली नेत्रपेढी निघाली. परंतु रोपणाला नेत्रदात्याचा डोळा लागतो, आणि मागणीच्या मानानें तो नेहमींच अपुरा पडत आला आहे. रोग पुढें जाऊंच न देणें हाच खरा उपाय, आणि तो एका अनपेक्षित दिशेनें आला.

ती दिशा दुधाची. आपल्या संगमनेर-राहुरीकडील गृहिणींना हें द्रव्य रोज दिसतें, जरी त्यांना त्याचें नांव ठाऊक नसलें तरी. दहीं फडक्यांत टांगून चक्का केला, म्हणजे खालीं जें पाणी निथळतें त्याला हिरवट-पिवळी झांक असते. ती झांक ज्या द्रव्याची, तें रिबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व. १९३३ मध्यें हायडेलबर्गच्या रिखार्ड कून यांनीं हजारो लिटर दुधाच्या निवळीतून तें चिमूटभर शुद्ध रूपांत वेगळें केलें. दोन वर्षांनीं कून यांनीं आणि झुरिकच्या पाउल कारेर यांनीं तें प्रयोगशाळेंत तयार केलें. कारेर यांना १९३७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. कून यांना १९३८ चें जाहीर झालें, पण हिटलरच्या सरकारनें तें त्यांना घेऊं दिलें नाहीं.

दूध उन्हांत ठेवलें, कीं त्याला एक विचित्र वास लागतो, हेंहि दूध विकणाऱ्यांस ठाऊक आहे. त्याचें कारण हेंच पिवळें द्रव्य. तें प्रकाश शोषून घेतें आणि ती शक्ति जवळच्या प्राणवायूस देऊन त्याला उग्र करून सोडतें. तो उग्र प्राणवायु मग प्रथिनांवर आणि स्निग्धांशावर तुटून पडतो. दुधाचा नाश करणारी ही क्रिया डोळ्यांत उपयोगी पडेल, असें १९३३ मध्यें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसेल.

पूर्व जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं, जर्मनीच्या एकीकरणानंतरच्या दशकांत, थेओ झायलर आणि एबरहार्ड श्पोर्ल यांनीं हा धागा उचलला. वयाबरोबर स्वच्छमंडल आपोआप ताठ होत जातें, आणि मधुमेही माणसांत शंक्वाकृति स्वच्छमंडल कमी आढळतें, हीं निरीक्षणें त्यांच्यापुढें होतीं. मधुमेहांत रक्तांतील साखर कोलॅजेनच्या तंतूंमध्यें आडवे बंध निर्माण करते. मग तेच बंध आपण हातानें कां घालूं नयेत? आपल्याकडील चर्मकार बाभळीच्या सालीनें कातडें कमावतात, तेव्हां कोलॅजेनच्या तंतूंतच आडवे बंध घालून तें टिकाऊ करीत असतात. ड्रेस्डेनच्या मंडळींनीं डुकराच्या डोळ्यांवर निरनिराळीं द्रव्यें पारखून पाहिलीं आणि १९९८ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत रिबोफ्लेविन आणि जंबुपार किरण यांची जोडी सरस ठरली. कातडें कमावण्यास दिवस लागतात. येथें तासाभरांत काम होई. मृत मनुष्याच्या स्वच्छमंडलावर प्रयोग केला, तेव्हां त्याचा ताठरपणा सुमारें साडेचार पट झाल्याचें आढळलें.

उपचाराची रीत अशी ठरली. भूल देणारे थेंब घालून बाह्यस्तर खरवडून काढावयाचा. मग पिवळें औषध अर्धा तास थेंबाथेंबानें मुरवावयाचें. आणि नंतर ३७० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण, चौरस सेंटिमीटरला ३ मिलिवॅट या मानानें, आणखी अर्धा तास सोडावयाचे. २००३ मध्यें वोलेन्साक, श्पोर्ल आणि झायलर यांनीं २२ रुग्णांच्या २३ डोळ्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सर्व डोळ्यांत रोगाची वाढ थांबली होती. १६ डोळ्यांत तर शंकु कांहींसा मागेंहि सरला होता. शंभर-दीडशें वर्षें ज्याला औषध नव्हतें, त्या रोगाची वाटचाल अडविणारा उपचार हातीं आला.

येथवरची कथा बहुतेक ठिकाणीं सांगितली जाते. मला अधिक मोलाची वाटते ती पुढची. ज्या मंडळींनीं हा उपचार शोधला, त्यांनींच त्याच काळांत त्याचे घाव मोजावयास घेतले. ग्रेगोर वोलेन्साक यांनीं डुकराच्या स्वच्छमंडलांतील मध्यस्तराच्या पेशी कांचपात्रांत वाढवून त्यांवर किरण सोडले. नुसत्या किरणांनीं त्या पेशी मरावयास चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट इतकी तीव्रता लागे. पिवळें औषध घातल्यावर अर्धा मिलिवॅट पुरे होई. औषधानें किरणांची मारकता दहापट वाढविली होती. अंतःस्तराच्या पेशींची गत तशीच, किंबहुना त्या अधिक नाजूक: नुसत्या किरणांना ४ मिलिवॅट, औषधासह ०.३५.

नंतर ससे आले. २००४ च्या त्यांच्या लेखांत असें दिसलें, कीं उपचारानंतर एका दिवसाच्या आंतच मध्यस्तरांतील पेशी मरतात, आणि किरण जितके तीव्र तितकें हें मरण खोल जातें. नेहमींच्या मात्रेंत तें सुमारें ३०० मायक्रॉनपर्यंत पोंचतें. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हें मरण जखम होऊन, सडून, सूज आणून येणारें नव्हे. पेशी आपला गाशा गुंडाळून, आंतल्या आंत आटून मरते. या प्रकाराला १९७२ मध्यें केर, वायली आणि करी या तिघांनीं 'अपॉप्टॉसिस' असें नांव दिलें. झाडाचें पान गळावें तशी गळती, असा त्या ग्रीक शब्दाचा भाव आहे. एक बारीक गोष्ट अशी, कीं नुसता बाह्यस्तर खरवडला तरी त्याच्या लगतच्या पेशी अशाच गळतात. किरणांचें काम त्याच्याहि खालीं चालतें.

मग हा उपचार की अपकार? उत्तर इटालींतील सिएना येथून आलें. तेथील कापोरोस्सी आणि माझ्झोट्टा यांनीं जिवंत रुग्णाच्या स्वच्छमंडलांत थराथरानें पाहतां येईल असें सूक्ष्मदर्शक वापरलें. उपचारानंतर पुढचा मध्यस्तर त्यांना ओसाड दिसला. दोन-तीन महिन्यांनीं मात्र कडेच्या आणि तळच्या भागांतून नव्या पेशी येऊं लागल्या आणि सहा महिन्यांच्या सुमारास वस्ती पुन्हां भरली. दुष्काळांत गांव सोडून गेलेलीं कुटुंबें पाऊस पडल्यावर परत यावींत, तसें. तोंवर आडवे बंध आपल्या जागीं पक्के झालेले असतात. म्हणजे मध्यस्तरांतील पेशींचें मरण हें या उपचाराचें मोल आहे, आणि तें परत फिटणारें आहे.

अंतःस्तराचें मोल फिटणारें नाहीं. म्हणून सगळा प्रश्न खोलीचा झाला. सुदैवानें तें पिवळें द्रव्य दुहेरी वागतें: तें किरणांना मारक बनवितें, तसेंच त्यांना शोषूनहि घेतें. औषध मुरलेल्या ४०० मायक्रॉन जाडीच्या स्वच्छमंडलांत सुमारें ९५ टक्के किरण अडकतात. तळाशीं पोंचतात ते ०.१८ मिलिवॅटच्या आसपास, म्हणजे घातक मर्यादेच्या निम्मे. पटल याहून पातळ असेल तर हिशेब बिघडतो. सशाचें स्वच्छमंडल मनुष्याच्या मानानें पातळ असतें. मात्रा वाढवितांच त्याच्या अंतःस्तरांतील पेशी मेलेल्या आढळल्या. यावरून नियम निघाला: बाह्यस्तर काढल्यानंतर ४०० मायक्रॉनपेक्षां कमी जाडी उरत असेल, तर हा उपचार नेहमींच्या रीतीनें करूं नये.

हा चारशेंचा आंकडा युरोपांत जन्मला. त्याला महाराष्ट्रांत आणून पाहूं. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळांत डॉ. विनय नांगिया आणि मानहाइमचे योस्ट योनास यांनीं तीस वर्षांवरील ४,७११ ग्रामस्थांचे डोळे तपासले. स्वच्छमंडलाची सरासरी जाडी भरली ५१४ मायक्रॉन. युरोपीय वंशाच्या लोकांत ती साधारण ५४० च्या आसपास असते. त्याच पाहणींत शंक्वाकृति स्वच्छमंडलाचें प्रमाण २.३ टक्के निघालें. अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत पूर्वीं केलेल्या एका गणनेंत तें लाखांत अवघें ५४ होतें. ही तुलना डोळे मिटून स्वीकारूं नये. नागपूरकडे केवळ वक्रतेच्या एका मापावरून रोग ठरविला होता, तर मिनेसोटाची गणना जुन्या, कमी सूक्ष्म साधनांची होती. रोग तेथें निसटला असेल, येथें थोडा फुगला असेल. पण जाडीच्या मापाबद्दल असा संशय घेण्यास जागा नाहीं.

आतां साधें गणित करूं. निरोगी डोळ्यांत ५१४. रोगानें पटल पातळ होतें, म्हणून समजा ४४० उरलें. बाह्यस्तराचे सुमारें ५० खरवडून गेले, उरलें ३९०. त्यावर मूळच्या औषधांत डेक्स्ट्रान नांवाचें जें द्रव्य मिसळलेलें असे, तें पाणी ओढून घेई आणि उपचार चालूं असतांनाच पटल आणखी आक्रसे. सकाळीं मोजलेली जाडी दुपारीं खरी राहत नसे. म्हणजे आपल्याकडील मुलाला या सीमारेषेपर्यंत पोंचावयास फार चालावें लागत नाहीं. हें मोजमाप उपचाराआधीं एकदां आणि किरण सोडण्याच्या क्षणीं पुन्हां एकदां झालेंच पाहिजे, असा आग्रह तज्ज्ञ धरतात तो याचसाठीं. आणि मला तो अगदीं रास्त वाटतो. २०१२ मध्यें चंडीगढच्या नेत्रतज्ज्ञांनीं प्रामाणिकपणें एक वृत्तांत छापला: ३५० रुग्णांपैकीं १० जणांचें स्वच्छमंडल या उपचारानंतर सुजलें आणि सूज उतरेना, त्यांतील कांहींना रोपणाची गरज पडली. टक्केवारींत हा आंकडा लहान दिसतो. परंतु ज्या शस्त्रक्रियेपासून वांचण्यासाठीं उपचार घेतला, तिचीच गरज त्यांना भासली.

दुसऱ्या एका कारणानेंहि हा विषय आपल्या जिल्ह्याच्या जवळ येतो. ऊसतोडणींत पातीची कड डोळ्याला लागते आणि त्या खरचटींतून बुरशी आंत शिरते. किरणांनीं पेशी मरतात तर बुरशीहि मरेल, या तर्कानें हाच उपचार अशा व्रणांवर सुरू झाला. तर्क सुंदर होता. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयांतील वैद्यांनीं आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनीं चिठ्ठ्या टाकून रुग्ण विभागले आणि तो पारखला. २०२० मध्यें निकाल लागला, कीं बुरशीच्या व्रणांत या उपचारानें लाभ होत नाहीं, उलट दृष्टि थोडी अधिक खालावण्याचा संभव आहे. ऊसतोड कामगाराला त्यामुळें आजहि बुरशीनाशक थेंबांचाच आधार, आणि ते वेळेवर मिळाले तर.

पातळ पटलांसाठीं मात्र वाटा निघत गेल्या. फरहाद हाफेझी यांनीं २००९ मध्यें पाणी ओढणाऱ्या औषधाऐवजीं पटल फुगविणारें पातळ औषध वापरून जाडी तात्पुरती वाढविली. चेन्नईच्या डॉ. सूझन जेकब यांनीं २०१४ मध्यें याहून साधी युक्ति प्रसिद्ध केली: पिवळ्या औषधांत भिजविलेली मऊ कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यावर ठेवावयाची, म्हणजे तिची जाडी पटलाच्या जाडींत मिळते आणि किरणांचा कांहीं भाग तीच पिऊन टाकते. अर्ध्या तासाऐवजीं दहा मिनिटें तिप्पट तीव्र किरण सोडण्याची घाईची रीतहि निघाली. किरणांची बेरीज तीच, पण प्राणवायूचा पुरवठा त्या वेगानें होत नसल्यामुळें बंध तितके खोल पडत नाहींत. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २०१६ मध्यें मान्यता दिली ती जुन्या, अर्ध्या तासाच्या रीतीलाच.

२०२१ मध्यें हाफेझी यांच्या मंडळींनीं प्रश्न उलटा मांडला. पटल जाड करीत बसण्यापेक्षां किरणांचा वेळच प्रत्येक डोळ्याच्या जाडीप्रमाणें कां कमी करूं नये? किरण सोडण्याच्या वेळीं २१४ ते ३९८ मायक्रॉन जाडी उरलेल्या ३९ डोळ्यांवर त्यांनीं हा उपचार केला. वर्षभरानंतर दहांपैकीं नऊ डोळ्यांत रोग थांबलेला होता, आणि एकाहि डोळ्याचा अंतःस्तर खचलेला नव्हता.